आप्पांनी झाकण उघडलं

गेल्या रविवारी आमच्या उदगीरच्या घरात एक केक बसला... म्हणजे खरोखरच मधोमध खाली बसला. पण त्यानंतर जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

माझे सासरे, आप्पा, पंच्याहत्तरी ओलांडलेले. सगळं आयुष्य धान्याच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानात गेलं. पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा, आणि मगच चहा. अंडं आमच्या घरात कधी आलं नाही, त्यामुळे केकही आप्पांच्या तोंडाला कधी लागला नाही.

तसा वाढदिवसाला आम्ही बेकरीतून बिनअंड्याचाच केक आणतो. पण आप्पांचं एकच म्हणणं... "भांडी तीच की त्यांची." सगळे टाळ्या वाजवत असतात तेव्हा ते आपले दाराशी, हातात पेढा घेऊन उभे. आम्हाला त्याची सवय झाली होती.

सृष्टीला, म्हणजे माझ्या मुलीला, काही ती झाली नव्हती. नववीत आहे. सध्या सुट्ट्या चालू आहेत आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज नवीन काहीतरी शिजत असतं... मुरमुऱ्यांचे चॉकलेटवाले लाडू काय, तव्यावरचा ब्रेड पिझ्झा काय. या वेळी तिनं जाहीरच केलं, "पप्पांच्या वाढदिवसाचा केक मी घरी करणार. आणि आप्पा तो खाणार!"

आप्पा म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी दुपारी तिनं आप्पांसाठी स्वयंपाकघरात खुर्चीच मांडली. जे काही घालायचं ते त्यांच्या डोळ्यांसमोर. बिस्किटं मिक्सरमधून काढायला घेतली तर आप्पांनी आधी पुडा मागितला, चष्मा लावला आणि हिरवा ठिपका शोधला. मग दूध, थोडी पिठीसाखर, चमचाभर तूप, शेवटी बेकिंग पावडर.

"एवढंच असतंय?" आप्पा म्हणाले.

"एवढंच, आप्पा."

भज्याच्या पिठाएवढं सैल झालेलं ते मिश्रण तिनं तूप लावलेल्या स्टीलच्या डब्यात ओतलं. कढईत जाड मीठ पसरून तापवलं होतंच. त्यात डबा ठेवला, वर ताट झाकलं. "आता मी आल्याशिवाय कुणी झाकण काढायचं नाही," असं बजावून ती फुगे आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

मी गच्चीवरून कपडे घेऊन खाली आले, तर आप्पा एका हातातल्या सांडशीनं ताट उचलून कढईत वाकून बघत होते. मला बघून दचकले. "लागून राहिलंय का काय, म्हणून बघितलो..." म्हणाले, आणि घाईनं ताट परत ठेवलं.

व्हायचं ते झालं होतं. सृष्टी आली, वेळेनं ताट काढलं... कडा फुगलेल्या आणि मधे हा एवढा खड्डा. सुरी घालून बघितली, तर ओलं चिकट पीठ सुरीला लागून वर आलं.

"आप्पा, उघडलं होतं का तुम्ही?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली. ती भांडली नाही. "असू द्या," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. जरा वेळानं मुसमुसल्याचा आवाज आला. मी बेकरीला फोन लावायला मोबाईल उचलला.

"थांब जरा," आप्पा म्हणाले.

त्यांनी वाटी घेतली, चमचा घेतला. त्या खड्ड्यातलाच चमचाभर केक काढला आणि तोंडात घातला. मी बघतच राहिले. मग दुसरा चमचा... मग वाटी भरून घेतली आणि सृष्टीच्या दाराशी गेले.

"सृष्टे, बाहेर ये. मधलं लई मऊ झालंय, माझ्या दातांला बरं हाय. कडंचं तू खा."

ती लाल डोळ्यांनी बाहेर आली. आधी वाटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तुम्ही खाल्लं?"

"बिघडवलो मी. मग मी न्हाई खायचं तर कुणी खायचं?"

ती हसली आणि पुन्हा रडलीही! संध्याकाळी आम्ही उरलेल्या खड्ड्यात साय आणि रंगीत गोळ्या भरल्या आणि नवरोबांनी मोठ्या थाटात तो कापला.

गोष्ट इथंच संपली असं मला वाटलं होतं. बुधवारी सकाळी आप्पा दुकानातून बिस्किटांचे पुडे घेऊन आले. "शिकीव मला," सृष्टीला म्हणाले. देगलूरला त्यांची थोरली बहीण असते, आक्का. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच. "नातवा-पतवंडांचे लई केक बघितली ती. खाल्ली मात्र न्हाई कधी."

या वेळी खुर्चीत सृष्टी बसली आणि आप्पा ओट्याशी उभे राहिले. त्यांचा हात एकदा सांडशीकडे गेलाच... तिनं सांडशी उचलून मांडीवरच घेऊन ठेवली. केक मस्त फुगला. आप्पांनी तो डब्यात घातला, धोतराच्या मऊ फडक्यात बांधला आणि एसटीनं देगलूरला गेले. मांडीवरून डबा खाली ठेवला नाही म्हणे.

संध्याकाळी तिकडून व्हिडिओ कॉल आला. आक्कांच्या ओठाला चुरा लागलेला. "छलो झालाय," म्हणाल्या. छलो म्हणजे कानडीत छान, आमच्या भागात सर्रास चालतं. मग फोन जवळ घेऊन सृष्टीला म्हणाल्या, "पोरी, माझ्या भावाला गॅसम्होरं उभा केलीस की गं! आमच्या आईला जन्मात जमलं न्हाई ते."

मागे आप्पा खुदुखुदु हसत होते. त्यांना असं हसताना मी फार क्वचित बघितलंय...

या वयात नातीकडून शिकायला उभं राहणारं माणूस आपल्या घरात आहे. देवाकडे आणखी काय मागायचं?