बू वागियेमच्या नावावरची मोटरसायकल

जावा बेटावरच्या सलातिगा शहरातल्या आमच्या गल्लीत चाळिशीच्या आतलं असं माणूस क्वचितच सापडेल, ज्याला तान्हेपणी बू वागियेमने, म्हणजे आमच्या वागियेममावशीने, पायांवर आडवं घेऊन तेल लावलेलं नाही. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हाताखालून गेल्या. तिचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. रोज सकाळी खोबरेलाची बाटली आणि कोरडा पंचा पिशवीत टाकून ती निघायची आणि दोन-तीन घरच्या बाळांची मालिश करून दुपारी परतायची. बाळ कितीही किंचाळलं तरी हिचा आवाज चढत नसे. "रड बाबा, रड. छाती मोठी होते," एवढंच म्हणायची.

माझं वॉर्ड कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. कचेरीत जाणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे येतो, त्यामुळे कोणाचं काय अडलंय हे मला क्लार्कच्याही आधी कळतं.

त्या मंगळवारी दोन माणसं डोक्यावरचं हेल्मेटही न काढता तिच्या दारात उभी राहिली. एका फायनान्स कंपनीची वसुलीची माणसं.

"गाडी कुठंय?"

"कोणाची?"

"तुमचीच. चार महिने हप्ता नाही. पैसे द्या, नाहीतर गाडी बाहेर काढा."

बू वागियेमला वाटलं, पोरं घर चुकली. ती हसून म्हणाली, "अरे, मला सायकलसुद्धा येत नाही. चढले की पडते."

एकाने कागद पुढे धरला. नाव तिचं, पत्ता तिचा, ओळखपत्राचा नंबरही तिचाच. "नाटकं पुरे, म्हातारे. नातवाला दिली असशील."

"नातू असता तर दिली असती," ती म्हणाली. पण तोवर शेजारच्या तीन खिडक्या उघडल्या होत्या आणि दुसरा माणूस मुद्दाम मोठ्याने बोलत होता. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, मग शनिवारीही. गल्लीच्या टोकाच्या घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. तिथल्या सासूबाईंनी निरोप धाडला, "बाळाला सर्दी आहे, काही दिवस येऊ नका." बाळाला सर्दी-बिर्दी काही नव्हती. दुसरी बाई यायला लागली होती. बू वागियेमला मोटरसायकलीपेक्षा हेच जास्त लागलं.

ती कागदांची फाइल घेऊन फिरू लागली. कंपनीच्या शाखेत म्हणाले, "सही तुमची नाही हे तुम्ही सिद्ध करा." वॉर्डातल्या क्लार्कने ती इथेच राहते असा दाखला दिला आणि हात जोडले, "बू, फायनान्सचं आमच्याकडे काही नसतं." पोलीस चौकीतला हवालदार भला होता, त्याने चहा पाजला. पण तोही म्हणाला, "तक्रार कोणाविरुद्ध लिहू? कागदावर तर तुम्हीच आहात. आधी तुम्ही नाही असं दाखवणारं काहीतरी आणा." ते काहीतरी कुठे मिळतं, हे कोणी सांगेना.

मग मी शहाणपणा केला. माझ्याच दुकानाबाहेरच्या खांबावर एक जाहिरात होती, 'सरकारमान्य कर्जमुक्ती सहाय्य'. मी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडचा माणूस मधासारखा गोड. "लाडक्या आई, काळजी सोडा. ओळखपत्राचा फोटो पाठवा, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील ते फक्त सांगा आणि थोडीशी फी भरा."

बू वागियेमने फोन बंद करून माझ्या हातात ठेवला.

"काय झालं?"

"विर्यो, मी एकसष्ट वर्षांची आहे. सरकार मला आजवर एकदाही लाडकी आई म्हणालं नाही. आत्ताच त्याला एवढं प्रेम कुठून आलं?"

मी ओशाळलो. जाहिरात फाडून टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून तिच्याबरोबर निघालो. शहराच्या नोंदणी कचेरीत, जिथे ओळखपत्रं बनतात, तिथे.

खिडकीपलीकडे रेत्नानी नावाच्या बाई बसल्या होत्या. जाड चष्मा, गळ्यात लोकरी मफलर. बू वागियेमने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. हेल्मेटवाली माणसं, शेजारच्या खिडक्या, सर्दी नसलेलं बाळ, सगळंच. रेत्नानीबाईंनी अडवलं नाही. तिचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बू, तुम्ही प्रत्येक दारात हे सगळं सांगितलंत ना?"

"हो तर. खरं तेच सांगितलं."

"तिथंच फसलात. प्रत्येक दाराला एकच काम येतं, तेवढंच मागायचं. तुम्ही तुम्हीच आहात, एवढं मी लिहून देऊ शकते. गाडीचं मला काही विचारू नका." त्यांनी एका चिठोऱ्यामागे लिहून दिलं. आमच्याकडून बोटांच्या ठशांचा दाखला. मग कंपनीकडे लेखी अर्ज, कर्जाची फाइल दाखवा म्हणून. दोन्हींत फरक दिसला की पोलिसांत तक्रार. आणि हे सगळं घेऊन समारांगला, फायनान्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीच्या तक्रार खिडकीवर. "क्रम चुकवू नका. आणि तोंडी उत्तर कोणाचंच घेऊ नका."

"याची फी?"

"फी नाही. कोणी मागितली तर परत माझ्याकडे या."

आता ठसे. बू वागियेमने अंगठा काचेवर ठेवला. मशीन म्हणालं, नाही. दुसरं बोट, नाही. तिसरं, नाही. चाळीस वर्षं तेल चोळून चोळून तिची बोटं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हातारीला बोटंच नाहीत वाटतं!" लोक हसले. तिने हात पदराखाली घ्यावेत तसे ओढणीखाली घेतले. आतापर्यंत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही, पण खाली बघत राहिली.

रेत्नानीबाई खिडकी बंद करून बाहेर आल्या. तिला आतल्या मोरीपाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले, गरम पाणी दिलं. "घाई नाही. बसा जरा. माझ्या थोरल्याला पण अशाच एका बूने मोठं केलंय." वीस मिनिटांनी डाव्या हाताची करंगळीशेजारची दोन बोटं पुन्हा काचेवर ठेवली. मशीनने होकार दिला. पडद्यावर बू वागियेमचा जुना फोटो उमटला तेव्हा ती त्याच्याकडे हरवलेलं माणूस भेटल्यासारखी बघत राहिली.

दाखला आणि लेखी अर्ज पाहिल्यावर कंपनीच्या शाखेतला सूर बदलला. मॅनेजरने आठ दिवसांनी फाइल उघडली. आत ओळखपत्राची झेरॉक्स, सगळं बू वागियेमचं, फक्त फोटो वेगळा. गोल चेहऱ्याची, गालावर खळी असलेली एक तरुण मुलगी.

"देखणी आहे," बू वागियेम म्हणाली. "पण हे नाव हिला शोभत नाही. आमच्या काळातलं आहे ते."

मी मात्र फोटोकडे बघतच नव्हतो. त्या कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, मध्ये एका जागी तुटलेली. माझ्या मशीनच्या काचेवर ओरखडा आहे. सलातिगात अशी रेघ दुसऱ्या कोणाच्या झेरॉक्सवर येत नाही. कोणीतरी माझ्या दुकानातली प्रत घेऊन तिच्यावर दुसरा फोटो चिकटवला होता.

मी कशाकडे बघतोय ते तिने हेरलं होतं. आम्ही बसच्या थांब्यावर आलो. मग तिने फाइलमधले स्वतःचे कागद काढले, एकेकाच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "विर्यो, ही तुझीच ना?"

खोटं बोलायची हिंमत झाली नाही. बिघडलेल्या प्रती मी गठ्ठ्याने रद्दीत घालायचो. टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी विकणारा न्यायचा, आणखीही दोघे-तिघे न्यायचे. लोकांची नावं, नंबर, जन्मतारखा, सगळं भज्यांच्या तेलात गावभर फिरत होतं. एवढ्या वर्षांत माझ्या ते कधी मनातही आलं नव्हतं.

"मी विकले," मी म्हणालो. "किलोवर."

तिने कागद परत फाइलमध्ये सारले. "माझी आख्खी मी," ती म्हणाली, "भज्यांचा कागद." मग, "पोलिसांत सांगशील?"

"दुकानाचं काय होईल कोणास ठाऊक."

"माझं काय झालं ते तर ठाऊक आहे ना?"

तक्रारीच्या दिवशी तिच्या जबाबाखाली माझा जबाब लिहिला गेला. हवालदाराने या वेळी चहा तिला एकटीलाच विचारला. मला ताकीद मिळाली आणि वॉर्ड कचेरीने तीन महिने त्यांची कामं दुसऱ्या दुकानाला दिली. माझ्या बायकोने आठवडाभर ऐकवलं, "रद्दीच्या चार पैशांपायी!" ते तिचं बरोबरच होतं.

समारांगला आम्ही पहाटेच्या बसने गेलो. तक्रार खिडकीवरच्या तरुणाने कागद क्रमाने लावले आणि विचारलं, "हे कोणी लावून दिलं? सगळं आहे."

"आमच्या रेत्नानीबाई," बू वागियेम अभिमानाने म्हणाली, जशी काही ती तिची धाकटी बहीण. मग तिने फक्त एवढंच मागितलं की कंपनीने लिहून द्यावं, हे कर्ज माझं नाही. हेल्मेटवाल्यांचा विषय तिच्या ओठांवर आला होता, मला दिसलं, पण तिने गिळला.

सात आठवडे लागले. मध्ये एकदा ती माणसं पुन्हा आली. तिने तक्रारीचा क्रमांक लिहिलेली पावती दाखवली, तशी दोघं जरा थबकली, कुठेतरी फोन केला आणि निघून गेली. मग टपालाने पत्र आलं. कर्जाशी या महिलेचा संबंध नाही, वसुली थांबवली आहे, झाल्या त्रासाबद्दल दिलगिरी. ती खळीवाली मुलगी सापडली नाही. मोटरसायकलही नाही.

बू वागियेम पत्र घेऊन दुकानात आली. "वीस प्रती काढ."

"वीस कशाला?"

"घराघरात वाटणार. आले तेव्हा सगळ्यांनी खिडक्या उघडल्या होत्या ना? आता दारं उघडा म्हणावं."

"अहो बू, यावर तुमचा नंबर आहे! परत तेच होईल."

ती थांबली. मग माझ्या टेबलावरची कात्री उचलून तिने पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापली, नंबरावर नीट बसवली आणि पत्र स्वतः काचेवर पालथं घातलं. पहिली प्रत जरा तिरकी आली. ती मी कात्रीने बारीक चिरली आणि चिंध्या बादलीतल्या पाण्यात टाकल्या. ती तिथे उभी राहून बघत होती. चिंध्या तळाशी जाईपर्यंत हलली नाही.

वीस प्रती वाटून झाल्या. गल्लीच्या टोकाच्या सासूबाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, "बरं झालं बाई," म्हणाल्या. बाळाला मात्र अजूनही दुसरीच बाई तेल लावते. बू वागियेम त्या घरावरून जाताना चाल जरा मंद करते, आतून रडणं ऐकू आलं की मान तिरकी करून ऐकते.

हल्ली तिच्याकडे लोक येतात. कोणाच्या नावावर सिमकार्ड निघालेलं, कोणाला बक्षीस लागल्याचा फोन. ती म्हणते, मला काही कळत नाही, मी बाळांची बाई. पण बसवून घेते, सगळं ऐकते आणि शेवटी विचारते, "बरं, यातलं एकच काय हवंय, ते सांग." परवा एक नारळवाला तासभर बोलून गेला. त्याला काय हवंय ते अजून ठरलेलं नाही. उद्या परत ये म्हणाली आहे त्याला.