पालथा पडणारा मामा

माझा मामा आजवर शंभरेक वेळा तरी मेला असेल. चित्रपटात, अर्थात. घरी त्याची तब्येत खणखणीत आहे आणि जेवायला कोणाच्या हाकेची वाट बघत नाही.

शहराबाहेरच्या बंद खाणीत ट्रकांनी वाळू ओतून वाळवंट केलंय. तिथे जग संपल्यानंतरचे चित्रपट बनतात आणि मामा त्यांत गर्दीतला नट असतो. असल्या चित्रपटांत माणसं पाचच प्रकारची असतात, असं त्याचं ठाम मत. कमी बोलणारा, सगळं गमावलेला हिरो. पाणी दाबून बसलेला जाडा राजा. कुठलंही इंजिन चालू करणारी पोरगी. कमरेला बियाणं बांधून फिरणारी म्हातारी. आणि डबाभर पाण्यासाठी सगळ्यांना विकणारा फितूर. उरलेले सगळे मरायला.

घरातही त्याने हीच पदं वाटून टाकली आहेत. मामी पाण्याचा राजा, कारण गीझरचं बटण तिच्या ताब्यात. मी, म्हणजे त्याची भाची, फितूर, कारण त्याच्या गच्चीवरच्या सिगारेटची खबर मी मामीला दिली. स्वतः हिरो. त्याला घरात फारसं बोलू देत नाहीत, एवढंच काय ते साम्य.

मरण्याचीही एक रीत असते. पालथं पडायचं. चेहरा एकदा कॅमेऱ्यात दिसला की त्या चित्रपटातलं काम संपलं. तोंड वाळूत खुपसून मेलं, तर उद्या डोक्याचं फडकं बदलून पुन्हा मरता येतं. मामाच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला उताणं पाडायला दोन माणसं लागतील.

म्हणून मामीला तो पडद्यावर कधी सापडलाच नाही. ती प्रत्येक चित्रपट बघायची, गर्दीतला एकेक चेहरा निरखायची आणि घरी येऊन म्हणायची, "अहो, आजही दिसला नाहीत." मामा हसण्यावारी न्यायचा. पण त्याला ते लागायचं. मला माहीत आहे.

मग यंदा दिग्दर्शकाने त्याला चेहरा दिला. शिवाय एक वाक्य. टँकरचा स्फोट होणार, मामा उताणा पडून हिरोला सांगणार, "पाणी उत्तरेला आहे," आणि मरणार. मामाने आठ दिवस आमचं डोकं उठवलं. भाजी चिरणाऱ्या मामीला, दारात आलेल्या प्लंबरला, सगळ्यांना पाणी उत्तरेला असल्याचं कळलं. मामीने बहिणीसकट अकरा तिकिटं काढायचं ठरवून टाकलं.

टँकर एकच होता. तो फुटला, मामा धावला आणि सवयीने धाडकन पालथा पडला. वाक्य वाळूत बोलला. पुन्हा घ्यायला दुसरा टँकर कुठला? हिरोला उत्तर दिशा कशी सुचली, हे त्या चित्रपटात अजून कोणाला कळलेलं नाही.

हे मामाने फक्त मला सांगितलं. "तिला सांगू नकोस गं," म्हणाला. फितुराने पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही अकराजण एका रांगेत बसलो. मामा खुर्चीत पार खाली सरकला होता. टँकर फुटला. एक माणूस धावला, पालथा पडला, संपला.

"कुठे गं भाऊजी?" मामीच्या बहिणीने विचारलं.

 मामी पुढे वाकून बघत होती.

"अगं, हे काय पडलेत! उजवा पाय दुमडलेला, हात गालाखाली. पंचवीस वर्षं रोज असेच झोपतात माझ्या शेजारी."

मागच्या रांगेतलं कोणीतरी शुक् शुक् करू लागलं. मामीला त्याचं काही नव्हतं. ती मामाकडे वळली. "म्हणजे मागच्या चित्रपटात विहिरीपाशी पडलेले तुम्हीच? आणि त्या जळक्या बसखाली?"

मामाने मान डोलावली.

"आणि मी वेडी चेहरे शोधत बसले!"

 काहीतरी बोलायला हवं म्हणून मामा तिच्या कानाशी लागला आणि हळूच म्हणाला, "पाणी उत्तरेला आहे."

"कळलं हो," मामी डोळे पुसत म्हणाली. "आता गप्प बसा. तिकडे डावीकडे तुम्ही परत मरताय, मला बघू दे."