कॉन्फरन्समध्ये दिसलेला विनूचा एक्स-रे

भुतं दिसल्याचं सांगणाऱ्या नातेवाइकांना मी आजवर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्यात. त्यामुळे हे मी लिहितोय म्हटल्यावर घरात हशा पिकणार... पिकू दे.

मी डोंबिवलीत हाडांचा डॉक्टर. गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात आमची ऑर्थोपेडिक कॉन्फरन्स होती. अशा ठिकाणी मी ज्ञानासाठी कमी आणि जेवणासाठी जास्त जातो. दुपारी गुलाबजाम चापून मी आणि कल्याणचा मित्र डॉ. सुहास मागच्या रांगेत टेकलो. एक तरुण सर्जन खांद्याच्या ऑपरेशनवर बोलत होता.

आणि खांद्यांच्या स्लाइड्समध्ये मध्येच पडद्यावर आला मांडीचा एक्स-रे.

तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता, आम्ही हाडाला लावलेली आमची धातूची प्लेट बघून. ती मी बसवलेली होती. शेजारी ड्रिलचं तुटलेलं टोक, तिरकं. कधीकधी तुटतं ते, त्रास देत नाही म्हणून हाडातच ठेवतो आम्ही. ही विनूची मांडी — माझ्या धाकट्या भावाची. बाइकवरून पडला तेव्हा मीच ऑपरेशन केलेलं. "दादा माझ्या पायात सामान विसरला," असं प्रत्येक लग्नात सांगत फिरायचा.

विनू एकदा खोपटच्या स्टँडवर गावची एसटी पकडायला म्हणून गेला, तो गावाला पोचलाच नाही. पोलीस, पेपरात फोटो, सगळं झालं. वर्षं गेली. "आता त्याचं दिवसकार्य उरकून टाका," मामा मागे लागलेले. शेवटी मीही हो म्हटलेलं. आईला सांगणं तेवढं बाकी होतं.

पण त्या एक्स-रेत मी कधीच न पाहिलेलं काहीतरी होतं. प्लेटच्या खाली दुसरं फ्रॅक्चर... आणि ते जुळलेलं. मेलेल्या माणसाचं हाड जुळत नाही हो.

भाषण संपताच स्टेजकडे धावलो. "तो मांडीचा पेशंट कुठला?"

"मांडी? सर, माझं सगळं खांद्याचंच आहे." बिचाऱ्याने लॅपटॉपवर एकेक स्लाइड दाखवली. नव्हता.

"अरे, जेवणानंतर तू जागा होतास, हाच चमत्कार," सुहास म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने माझ्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली. त्याला काहीच दिसलं नव्हतं. घरापर्यंत माझी गाडी त्यानेच चालवली.

आईला सांगायचं नाही असं ठरवलेलं. पण ती दारातच म्हणाली, "काय रे, कॉन्फरन्समध्ये हादडून पोट बिघडलं ना?" — आणि मी तिथंच रडलो. सगळं सांगितलं.

ती रडली नाही. गॅस बंद करून आली, समोर बसली.

"सरळ जुळलंय ना रे?"

"हो आई. अगदी सरळ."

"मग कुणीतरी चांगला डॉक्टर भेटला म्हणायचा त्याला."

मामांना मी फोन करून दिवसकार्याला नाही म्हटलं. चिडले. "डॉक्टर असून असं वागतोस!" म्हणाले. तो एक्स-रे कुठून आला, मला आजही ठाऊक नाही. डुलकी लागली असेल तर स्वप्नात हाड इतकं नेमकं दिसतं का, तेही माहीत नाही. आई मात्र यातलं काहीच विचारत नाही. मधेच कधीतरी, भाजी निवडता निवडता, तिचं एवढंच असतं —

"थंडीत ठणकत असेल का रे पाय त्याचा?"

मी डॉक्टरी आवाजात सांगतो, "नाही गं."