कीबोर्डवरचा झेंडू

कारखान्याच्या गोदामात आम्ही बसवलेलं नवं सॉफ्टवेअर कसं चाललंय, ते पाहायला गेलो होतो. "एकदम झकास, साहेब," गोदाम सांभाळणारे सावंतकाका म्हणाले. पण दसरा होऊन महिना उलटला होता आणि पूजेला वाहिलेला झेंडू कीबोर्डवर अजून तसाच वाळत पडला होता. त्याची एक पाकळीही हललेली नव्हती.

तेव्हापासून कुणी झकास म्हणालं की मला शंका येते. बैठकीत सगळे एकदम माना डोलवायला लागले की मग तर जास्तच.

त्या दिवशी मी फूल उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," काका शांतपणे म्हणाले. "हे सॉफ्टवेअर बनवताना आम्हाला कुणी काही विचारलं नाही. मग आम्ही नुसती पूजाच केली."