पंख्यावरची काजळी

बुरुल्चाइतकी भित्री बाई अख्ख्या नारिन शहरात शोधून सापडायची नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं टीचभर दुकान. निघताना कुलूप चारदा ओढून बघणार, विझलेल्या शेगडीच्या राखेतसुद्धा हात घालून खात्री करणार. शेजारचा बूट शिवणारा रोज टोमणा मारायचा, "काय गं एजे, राखेला ताप आलाय का?" एजे म्हणजे थोरली ताई, आणि ती साऱ्या गल्लीचीच ताई. तीही हसायची. का भिते, ते मात्र कुणाला सांगायची नाही.

सांगणार तरी काय, कपाळ? अकरा वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण आयचुरेक बाळंत झाली होती. बुरुल्चा सुपाचं पातेलं घेऊन गेली. दारातून हाक मारली, उत्तर नाही. पहिले चाळीस दिवस बाहेरच्या माणसानं बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा नाही, ही रीत. झोपली असेल, म्हणून पातेलं उंबऱ्यापाशी ठेवून ही शहाण्यासारखी परत आली. दुसऱ्या दिवशी सूप तिथंच गोठलेलं होतं. आत कोळशाच्या विषारी वायूनं मायलेक दोघं गेलेली.

यंदाच्या जानेवारीत, भर दुपारी, तालाय नावाचा पोरगेला बाप रजईत गुंडाळलेला कॉम्प्युटर पोटाशी धरून दुकानात आला.

"एजे, नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी गेम रांगतोय बघ. पहिली दहा मिनिटं झकास, मग पेंगायलाच लागतो."

"तू पेंगत असशील. डोळे बघ, तांबडे झालेत."

"डोकं ठणकतंय दोन दिवस. हरून हरून!"

बुरुल्चानं गेम लावला. तापमान बघता बघता अठ्ठ्याण्णव सेल्सिअसवर गेलं. "कार्डाला काही धाड भरलेली नाही बाबा. प्रोसेसर तापतोय, म्हणून जीव वाचवायला आपणच दमानं चालतोय. पंखा तुंबला असणार."

तिनं पेटीची बाजू उघडली. पंख्यांत काय काय निघतं ते तिला पाठ होतं: मेंढीची लोकर, सूर्यफुलाची टरफलं, राखाडी धूळ. हे मात्र काळंकुट्ट होतं. तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. कोळशाची काजळी.

"हा कुठं ठेवतोस तू?"

"बाळाच्या खोलीत. तेवढीच खोली उबदार आहे ना. सत्ताविसावा दिवस आज! आपानं वारा लागू नये म्हणून खिडकीवर लोकरीचा जाड नमदा ठोकलाय." आपा म्हणजे त्याची आई.

"आणि शेगडीच्या धुराड्याची झडप?"

"नाश्ता झाला की आपा बंद करते. ऊब संध्याकाळपर्यंत टिकते."

"निखारे विझायच्या आधीच?"

"मग काय, ऊब वर आभाळात सोडायची? बायको तर नुसती झोपून असते. बाळही गुणाचं हो, कालपासून रडलेलं नाही."

बुरुल्चा ओरडली, "फोन लाव तिला! आत्ता!"

घंटी वाजत राहिली. कुणी उचललं नाही.

दोन गल्ल्या ती तालायच्या मागोमाग बर्फातून धावली, मुठीत स्क्रू-ड्रायव्हर तसाच. पाय घसरत होते. बाहेरच्या स्वयंपाकघरात आपा कणीक मळत होती. तिनं दोन्ही हात पसरून खोलीचं दार अडवलं.

"बाहेरून थेट आत? चाळीस दिवस व्हायचेत अजून! कळतं की नाही तुला?"

आणि खरं सांगायचं तर बुरुल्चाचे पाय उंबऱ्यापाशी थिजले. असंच बंद दार. असंच आत सामसूम. कुणी ओरडलं की निमूट मागं फिरायचं, हे हाडीमांसी खिळलेलं. आपाची नजर चुकवत ती म्हणाली, "माफ करा आपा," आणि म्हातारीला ढकलून आत घुसली.

खोली भट्टीसारखी तापलेली. तिनं नमदा ओरबाडला, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं काच फोडली. तालायनं बायकोला उचलून अंगणात नेलं, ती बर्फावर ओकली आणि डोळे किलकिले करून "बाळ... बाळ..." म्हणाली. बाळाला आपल्या कोटात घेऊन बुरुल्चा मागोमाग बाहेर आली होती. गठुडं एवढंसं आणि गप्प. उघडून बघायची तिची छाती होईना.

"मारलंस गं माझ्या नातवाला!" आपा पिठाच्या हातांनी तिच्या पाठीत गुद्दे घालत होती. बुरुल्चानं अंग चोरलं नाही. मारू दे, अकरा वर्षं उशीरच झाला, असं तिला वाटलं. मग तिनं कोट बाजूला केला आणि बाळाच्या तळपायावर चापट मारली. एकदा. दोनदा.

तिसऱ्या वेळी बाळानं टाहो फोडला.

आपाचा हात वरच्या वर थांबला. "अगं, गारठेल लेकरू! आत घे, गप्प कर त्याला!"

"नाही आपा," बुरुल्चा मटकन बर्फात बसली. बाळाला कोटात गच्च धरून ती स्वतःच ढसाढसा रडत होती. "गप्प नका करू. रडू दे त्याला."