वांग्याच्या रसातलं तांबं

चिरलेलं वांगं काळं पडतं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. का पडतं, हे विचारायची पाळी मात्र कुणावर येत नाही. तोवर त्याची भाजी होऊन गेलेली असते. हरिहर पिंपळखुट्यांवर ती पाळी आली, आणि आली ती जन्माची आली.

हरिहर अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसरांनी बोलायचं आणि ह्यांनी नळ्या धुवायच्या. प्रोफेसर वामनराव मूळचे पुण्याचे. वऱ्हाडात वीस वर्षं काढली तरी त्यांचा 'ण' कधी 'न'च्या वाटेला गेला नाही. टेबलावर वांग्यांची टोपली दिसली की चष्मा कपाळावर चढवून ते म्हणत, "पिंपळखुटे, वांगं हा रसायनशास्त्राचा विषय नव्हे. तो भरताचा विषय आहे." मागच्या बाकावरची पोरं ह्याची चष्म्यासकट नक्कल करत, आणि हरिहरही हसून घेत.

पण डोक्यातलं खूळ काही निघेना. चंबूतलं काळं होणारं द्रव्य नुसत्या हवेनं दिवसभरात काळं पडत नाही, ते मोरचुदाचा एक थेंब टाकला की डोळ्यांदेखत पडतं. मोरचुदातलं तांबं स्वतः खर्ची पडत नाही. दुसऱ्याची हवेशी गाठ घालून देतं आणि बाजूला होतं, सोयरीक जुळवणाऱ्या मामासारखं. वांग्याच्या रसातही असा एक मामा असतो, दुधातल्या विरजणासारखा काम करणारा. शास्त्रात त्याला एन्झाइम म्हणतात. ह्या मामाच्या खिशात तांबंच असणार, असं हरिहरांना वाटे. सिद्ध कोणी केलं नव्हतं.

चौतीस साली त्यांनी धीर करून, ही कल्पना मांडून, बंगळूरच्या संशोधन संस्थेला संशोधकाच्या जागेसाठी पत्र टाकलं. उत्तर आलं! 'रसातलं तांबं काढून घ्या. काळं पडणं थांबलं, आणि तांबं परत घालताच सुरू झालं, तर तुमचं म्हणणं खरं. निकाल पंधरा जूनच्या आत कळवा. जागा एकच आहे.' हरिहरांनी ते पत्र रेल्वेच्या वेळापत्रकात ठेवलं. बडनेरा, वर्धा, बल्लारशा, मद्रास, बंगळूर. आंघोळ करताना लोक स्तोत्र म्हणतात, हे गाड्या म्हणत. अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात नागपूरच्या पलीकडे पाय पडला नव्हता, पण बंगळूरच्या स्टेशनात गाडी सकाळी शिरते की दुपारी, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मे महिन्यात कॉलेजला कुलूप लागलं. हरिहरांनी काचेच्या यंत्रात पाण्याची वाफ करून ती परत थंड केली, ते निर्मळ पाणी दोन मोठ्या काचेच्या बरण्यांत भरलं आणि अकोल्याला आईकडे निघाले. मूर्तिजापूरला डब्यात चढलेला एक पागोटंवाला बरण्यांकडे बघतच बसला.

"मास्तर, घोटभर पानी द्या नं."

"हे प्यायचं नाही हो."

"मंग कायचं हाय?"

"धुवायचं."

"काय धुता?"

"वांग्याचा रस."

पागोटंवाल्यानं शेजारच्याकडे पाहिलं. "आयकलं का? येथी मानसाले प्याले पानी नाही, अन् हे वांग्याले आंघोळ घालून राह्यले!"

अकोल्यापर्यंत डबा हसत होता. हरिहरांनी बरण्या मांडीवर घेतल्या.

घरी गोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, उंबऱ्यातच अडवलं. "हरी, हे पाणी कोणी भरलं?"

"मीच भरलं, आई."

"आणि रेल्वेतून आणलंस. चारचौघांचा हात लागलेलं. काचेतलं ओवळं पाणी माझ्या माजघरातून जायचं नाही. हंड्यात ओत. तांब्याला विटाळ नाही."

हंडा चिंचेनं घासून लखलखीत केलेला होता. वाद घालण्यात सकाळ गेली असती; हरिहरांनी दोन्ही बरण्या ओतल्या.

मग काम सुरू झालं. मोर्णेकाठच्या मळ्यातली शकुन माळीण रोज वांगी आणून देई. "मास्तर, येवढी वांगी कोन खाते तुमच्या घरी?"

"खात नाही. रस काढतो."

"बाप्पा! अन् रसाचं काय करता?"

"तो काळा पडू नये असं करतो."

"थे तं नवसानंच होईन," म्हणून ती टोपली उचलून चालू लागे.

रस सेलोफेनच्या, म्हणजे बारीक कण तेवढे झिरपू देणाऱ्या, पिशवीत बांधायचा. ती पिशवी तांबं ओढून घेणाऱ्या औषधात बुडवायची. सगळं विहिरीत दोरानं सोडून ठेवायचं, कारण बाहेर अकोल्याचं ऊन. चार दिवसांनी औषध विषारी म्हणून पिशवी दोन दिवस स्वच्छ पाण्यात धुवायची. मग रस दोन वाट्यांत घ्यायचा, दोन्हींत काळं होणारं द्रव्य घालायचं, आणि एकीतच मोरचुदाचा थेंब. दुसरी वाटी गोरी राहिली की बंगळूर.

थेंबाची वाटी काळी पडली. दुसरीही पडली.

हरिहरांनी पुन्हा केलं. पुन्हा दोन्ही काळ्या. तिसऱ्यांदा ते वाटीसमोर ओठ हलवत बसले, बडनेरा, वर्धा, बल्लारशा. मद्रास यायच्या आत वाटी काळवंडली. म्हणजे तांबं नसतानाही रस काळा पडतो. म्हणजे आपलं सगळं चूक.

दहा जूनला त्यांनी पत्र लिहिलं. 'माझी कल्पना खोटी ठरली. माझा विचार करू नये.' खोटं लिहिणं सोपं होतं. दुसऱ्या वाटीबद्दल कोण विचारायला येणार होतं? पण ते त्यांना जमलं नाही. पत्र स्वतः पेटीत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी एकादशी सोडायची म्हणून गोदाबाई ओसरीवर वांगी चिरत होत्या. शकुन टेकली होती. गोदाबाईंनी हंड्यातलं पाणी घेऊन फोडी त्यात टाकल्या, तशी शकुन म्हणाली, "मायबाई, ह्या पान्यात नोका टाकू. तांब्यातल्या पान्यानं वांगं लवकर काळं पडते. आमी मडक्यातलं घेतो. तुमाले ठाव नाही?"

आत हरिहर उठून उभे राहिले.

कॉलेजात कुणी विचारलं असतं, तर तांबं हा धातू आहे, निर्मळ पाण्यात तो हळूहळू उतरतो, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पण घरातलं तांबं धातू कुठे होतं? घरातलं तांबं म्हणजे सोवळं. ज्या पिशवीतून चार दिवस तांबं काढलं, ती ते दोन दिवस हंड्यातल्या, तांबं उतरलेल्या पाण्यात धूत होते.

ते तसेच अनवाणी दवाखान्यात गेले. नत्थुजी कंपाउंडर इंजेक्शनसाठी काचेत निर्मळ पाणी करून ठेवत. "किती पायजे?" नत्थुजींनी विचारलं. "सगळं," हरिहर म्हणाले.

सतरा तारखेला वाट्या मांडल्या. थेंबाची वाटी काळी झाली. दुसरी गोरी राहिली. तास झाला, दोन तास झाले, तरी गोरी. शकुन दारात टोपली घेऊन उभी होती. "झालं नं मनासारखं? मंग तोंड काहून असं?"

"दोन दिवस उशीर झाला, शकुन."

"दोन दिवसानं काय होते? वांगी तं ताजी हायेत."

त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, घडलं तसं सगळं. जुलैत उत्तर आलं, अगदी सभ्य. काम उत्तम आहे, पुरं करून छापावं. जागा मात्र भरली. अमरावतीत यंत्रं नव्हती, वेळ नव्हता, आणि गोरी वाटी एकदाच दिसून भागत नाही, शंभरदा दाखवावी लागते. हरिहर दर वर्षी थोडी थोडी दाखवत राहिले. अडतीस साली कॉलेजच्या वाचनालयात जर्मन नियतकालिक आलं. तिकडच्या एका माणसानं हेच दाखवलं होतं, बटाट्यात. वामनरावांनी तो अंक वाचून चष्मा कपाळावर चढवला. मग तो अंक हरिहरांच्या टेबलावर ठेवून गेले.

आईला त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या वर्षी मे महिन्यात ते रिकाम्या हातांनी अकोल्याला आले. गोदाबाईंनी त्यांच्या मागे डोकावून पाहिलं. "यंदा बरण्या नाही आणल्यास?"

"नाही, आई."

"माझ्या हंड्यानं काही बिघडलं तर नव्हतं ना रे तेव्हा? शकुन काहीतरी बोलली होती."

"छे. पाण्यानं काय बिघडणार!"

गोदाबाईंचा जीव हलका झाला. हंड्यात गडू बुडवून त्यांनी पाणी पुढे केलं. "उन्हातून आलायस. घे."

हरिहरांनी गडू हातात घेतला. स्टेशनावरून मद्रासकडची गाडी नेमकी या वेळेला सुटत नाही. अकोल्याहून ती सुटतच नाही, वर्ध्याला बदलावी लागते. हे सगळं त्यांना अजून पाठ होतं. पाणी थंड होतं. ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि म्हणाले, "आणखी दे."