आमच्या घरचा गंधार

आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराला बुऱ्हाणपुरात बदल्यांचा नुसता सुळसुळाट होता. त्यातच जबलपूरकडचे एक कचेरीतले बाबू राजपुरा मोहल्ल्यात बिऱ्हाड करून राहिले. त्यांच्याकडे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार होती. संध्याकाळी ते ती शिकवत. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. हट्टाला पेटून त्यांची शिकवणी लावून घेतली.

मास्टरजींची एक खोड होती. ते पाटीवर सरगम लिहायचे आणि म्हणायचे, "पहले गाओ." गायल्याशिवाय गिटारीला हात लावायचा नाही. पेटीची पट्टी दाबली की सूर आपसूक येतो. इथे तारेवरून लोखंडी कांडी सरकवायची, ती केसभर अलीकडे थांबली तरी सगळा विचका. म्हणून लिहिलेला सूर आधी गळ्यात आला पाहिजे, असा त्यांचा हेका. मला भयंकर राग यायचा. गायचंच असतं तर गिटार कशाला हवी होती?

पाटीवरचं बघून गाणं तसं लवकर जमलं. घोडं अडलं ते गंधारावर. सा, रे ठीक. ग आला की मास्टरजी मान हलवत. "उतरा हुआ है." मग मी घरी येऊन बाबांच्या पेटीवर तोच एक सूर धरून बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलेलाच. शेवटी ते म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गिटार सोडून दे. कानच नसेल तर बोटं काय करणार?

माझं जेवणावरचं मन उडालं. आपल्याला कान नाही, हे आपल्यालाच कळू नये, याची जास्त भीती वाटायची. बाबांना ते बघवेना. त्यांनी मास्टरजींना घरी चहाला बोलावलं आणि दारातच विचारलं, "मास्टरजी, पोरीले कान नसीन तर तसं सांगून द्या. उगीच आशा कायले लावता?"

पण दिवेलागणीची वेळ झालेली. आमच्याकडे तेव्हा पाहुणा असो की कोणी, आधी आरती. बाबांनी पेटी ओढली, आई, मी, सगळे उभे राहिलो. मास्टरजीही टाळ्या वाजवत होते. अचानक त्यांच्या टाळ्या थांबल्या. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. आरती संपल्यावर ते पेटीजवळ बसले आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबू लागले.

"पेचकस है?" बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला.

आमचं घर कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या मागे. हंगामात कापसाची धूळ अंथरुणात, पिठात, सगळीकडे. पेटी उघडली तर गंधाराच्या पितळी पत्तीच्या टोकावर तेलकट धुळीचा आणि कापसाचा जाड थर बसलेला. त्या वजनाने तो सूर कधीचा खाली आला होता, आणि आम्ही सगळे कुटुंबच्या कुटुंब इमानेइतबारे त्याच्यामागून खाली उतरलो होतो. आईची आरती, बाबांचं भजन, सगळंच. मास्टरजींनी पत्ती हलक्या हाताने खरवडली, पुसली, पट्टी दाबली. तो सूर ऐकून बाबा दचकले. म्हणाले, "हे तं चढलेलं लागते!"

मास्टरजी पोट धरून हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कान नहीं होता, तो इतना पक्का ग़लत कैसे गाती?"

मी लगेच गाऊन दाखवायला गेले आणि सवयीने पुन्हा तसाच गंधार लावला. जीभ चावली, बाबांकडे बघवेना.

मास्टरजींनी चहा संपवला, चपला घातल्या. "वो तो छूटते-छूटते छूटेगा," ते म्हणाले. "कल टाइम से आना."

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी कशीबशी उभी राहिले. मग आईच्या पदरात तोंड खुपसून इतकी रडले की बाबा घाबरून विचारू लागले, आता काय झालं हिला. मला कान होता, एवढंच झालं होतं.